लेगोचे सॅटर्न फाइव्ह: लोकांच्या मतांवर उभे राहिलेले रॉकेट

जोडायच्या प्लॅस्टिक ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगो कंपनीच्या ‘आयडियाज’ मालिकेतला ‘नासा अपोलो सॅटर्न फाइव्ह’ हा, माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या रॉकेटच्या प्रतिकृतीचा संच जून २०१७ मध्ये बाजारात आला, काही काळाने विक्रीतून निघाला, मागणी टिकून राहिल्यामुळे २०२० मध्ये नव्या क्रमांकाने परत आला आणि त्यानंतर त्याचे उत्पादन पुन्हा थांबले. अशा वस्तूचे परीक्षण आज लिहिण्यामागे माझे एक ठाम कारण आहे. वस्तूची कल्पना ग्राहकांकडून मागवायची, ती ग्राहकांनाच पारखू द्यायची आणि मग कारखान्यात उत्पादनयोग्य करायची, हा प्रयोग गेल्या दोन दशकांत अनेक कंपन्यांनी करून पाहिला. त्याचे इतके नेटके फळ माझ्या पाहण्यात दुसरे नाही. मी भोसरीत प्लॅस्टिकच्या साच्यांचे काम करतो, त्यामुळे खेळण्यापेक्षा ते तयार कसे झाले याकडे माझे लक्ष अधिक जाते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

संचात १९६९ तुकडे आहेत आणि माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षाशी हा आकडा मुद्दाम जुळवलेला आहे. पूर्ण झालेले रॉकेट सुमारे एक मीटर उंच भरते, म्हणजे जवळपास ११० मीटर उंचीच्या मूळ सॅटर्नचे ते १:११० प्रमाणातले रूप आहे. तिन्ही टप्पे एकमेकांपासून सुटे होतात. वरच्या भागात दडवलेले चांद्रयान बाहेर काढून कमांड मॉड्यूलला, म्हणजे अंतराळवीरांच्या कक्षाला, जोडता येते, समुद्रात उतरलेल्या कुपीचे तरंगत्या कड्यासह एक छोटे रूपही दिलेले आहे, आणि रॉकेट आडवे मांडून ठेवण्यासाठी तीन घोड्या आहेत. चौकोनी ठोकळ्यांतून गोल नळकांडे उभे करणे हे या संचातले खरे कौशल्याचे काम आहे. मध्यभागी एक गाभा रचायचा, त्याच्या चारही बाजूंना ठोकळ्यांचे उंचवटे बाहेरच्या दिशेने येतील अशी योजना करायची आणि मग त्यांवर वक्र पृष्ठाचे पडदे बसवायचे, अशी ही रचना आहे. गाभ्यात, बाहेरून कधीच दिसणार नाहीत अशा जागी, भडक रंगांचे ठोकळे वापरले आहेत, जेणेकरून जोडणाऱ्याला दिशा आणि जागा अचूक कळावी. जुळणी विभागात काम केलेल्या कोणालाही ही काळजी पाहून समाधान वाटेल, कारण चूक होऊच नये अशी सोय रचनेतच करून ठेवणे हे चांगल्या अभियंत्याचे लक्षण आहे.

छपाईबद्दलही वेगळे सांगायला हवे. रॉकेटवरची अक्षरे आणि झेंडे तुकड्यांवरच छापलेले आहेत, चिकटवण्याचे स्टिकर एकही नाही. स्टिकर स्वस्त पडतात, पण वाकडे लागतात आणि काही वर्षांत कडा सोडतात. प्रत्येक छापील तुकडा मात्र कारखान्यात स्वतंत्र वस्तू म्हणून सांभाळावा लागतो. कंपनीने हा खर्च सोसला, ही या संचाची मोठी जमेची बाजू आहे. उणी बाजू म्हणजे एकसारख्या पडद्यांची पुनरावृत्ती. पहिल्या टप्प्यात तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते आणि लहान मुलांचा धीर तिथे सुटण्याची शक्यता आहे. पूर्ण रॉकेट उचलताना खालच्या टप्प्याखाली हात देणे आवश्यक आहे, अन्यथा टप्पे सुटतात. रॉकेट उन्हाच्या थेट झोतात ठेवू नये, कारण ठोकळ्यांचे एबीएस प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते आणि पांढऱ्या रंगावर ते लगेच दिसते.

आता या वस्तूच्या जन्माविषयी. तिची मूळ रचना कंपनीच्या नोकरांनी केलेली नाही. जर्मनीतील फेलिक्स स्टीसेन आणि फ्रान्समधील व्हॅलेरी रोश या दोन हौशी रचनाकारांनी हा प्रस्ताव ‘लेगो आयडियाज’ या कंपनीच्या संकेतस्थळावर मांडला. त्यांच्या मूळ आराखड्यात सुमारे १२०० तुकडे होते. कोणताही प्रस्ताव तिथे आला की त्याला ठरावीक मुदतीत लोकांचा पाठिंबा मिळवावा लागतो: पहिल्या ६० दिवसांत १००, आणि पुढच्या मुदतींमध्ये वाढत वाढत १०,००० समर्थक. हा आकडा गाठलेले प्रस्ताव वर्षातून तीनदा एकत्र करून कंपनीची समिती तपासते. निवड झाली की कंपनीचे रचनाकार ते काम हातात घेतात, त्याची मजबुती, जोडणीचा क्रम, तुकड्यांची उपलब्धता आणि किंमत यांचा विचार करून ते जवळजवळ नव्याने घडवतात, आणि कंपनी मूळ कल्पकांना निव्वळ विक्रीच्या १ टक्का मानधन देते. सॅटर्नच्या बाबतीत १२०० चे १९६९ तुकडे झाले, ते याच टप्प्यावर.

या पद्धतीची सुरुवात जपानमध्ये २००८ साली ‘लेगो कूसू’ या नावाने झाली. तिथे १००० मते पुरेशी होती आणि त्यातून निघालेला पहिला संच ‘शिंकाई ६५००’ या खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुडीचा होता. २०११ मध्ये ही सोय जगभर खुली झाली आणि २०१४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

माझ्या दृष्टीने या पद्धतीचे मर्म साच्याच्या खर्चात आहे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरण्याच्या पद्धतीत, एक तुकडा बनवायला लागणारे प्लॅस्टिक किरकोळ किमतीचे असते, पण तो तुकडा ज्या पोलादी साच्यातून निघतो त्या साच्यावर पहिला नग विकला जाण्याआधीच लाखो रुपये अडकतात. म्हणून आमच्या धंद्यात नवी कल्पना घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो नगांच्या संख्येचा, आणि बहुतेक कल्पना त्या प्रश्नापाशीच थांबतात. आयडियाजच्या प्रस्तावकाला हा प्रश्न सोडवावा लागत नाही. त्याला नवा तुकडा सुचवण्याची मुभा नाही. बाजारात आधीच असलेल्या तुकड्यांतूनच त्याने रचना करायची आहे. वरवर पाहता हे बंधन आहे, परंतु याच बंधनामुळे घरबसल्या, एकही साचा न बनवता, त्याचा नमुना पूर्ण होतो. खरे ठोकळे हाताशी नसतील तर ‘स्टुडिओ’सारख्या मोफत संगणकप्रणालीत तो पडद्यावर उभारता येतो. १९५८ साली पेटंट घेतलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो, इतकी मापांची शिस्त कंपनीने दशकानुदशके पाळली आहे. लोकांच्या कल्पकतेला उत्पादनात जागा मिळाली ती या शिस्तीच्या पायावर, आणि मतदानाची व्यवस्था त्यानंतर आली. असा पाया नसताना नुसती मते मागवणाऱ्या कंपन्यांचे काय होते, याचे उदाहरण फार लांबचे नाही.

बेन कॉफमन यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘क्वर्की’ नावाची कंपनी काढली. कोणीही कल्पना पाठवावी, सभासदांनी मते द्यावीत, निवडलेली वस्तू कंपनीने बनवून विकावी आणि उत्पन्नाचा वाटा कल्पक व सुधारणा सुचवणारे यांच्यात वाटला जावा, अशी ती उदार योजना होती. वळवता येणारा विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड ‘पिव्हट पॉवर’ ही तिची गाजलेली वस्तू, आणि ती खरोखर उपयोगी आहे. मोठे चौकोनी अडॅप्टर शेजारची सॉकेट अडवतात ही घराघरातली अडचण कारखान्यात बसलेल्यांना दिसली नव्हती, ती एका ग्राहकाला दिसली. परंतु क्वर्कीने एकीकडे स्वयंपाकघरातली अवजारे, दुसरीकडे वातानुकूलन यंत्र, तिसरीकडे घरातली उपकरणे फोनवरून चालवण्याची प्रणाली, असे एकमेकांशी संबंध नसलेले उद्योग एकाच वेळी अंगावर घेतले. प्रत्येक वस्तूला वेगळे साचे, वेगळी चाचणी, वेगळे पुरवठादार आणि वेगळा ग्राहकवर्ग लागतो. गुंतवणूकदारांचे १५ कोटी डॉलरहून अधिक भांडवल आणि जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपनीची भागीदारी असूनही सप्टेंबर २०१५ मध्ये क्वर्की दिवाळखोरीत गेली. लोकांनी दिलेल्या कल्पना वाईट होत्या असे मी म्हणणार नाही. त्या कल्पना पेलणारी एकसंध उत्पादनव्यवस्था कंपनीपाशी नव्हती.

खुद्द लेगोलाही हे एकदम साधले नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे ‘डिझाइन बायमी’ या नावाने चाललेल्या सेवेत ग्राहकाने संगणकावर केलेली रचना केवळ त्याच्यासाठी खोक्यात भरून पाठवली जाई. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे खोके भरणे फार जिकिरीचे होते, आणि जानेवारी २०१२ मध्ये ती सेवा बंद झाली. आयडियाजमध्ये ही दिशा उलटी झाली: हजारो लोकांनी मिळून थोड्याच रचना निवडायच्या आणि त्या मोठ्या संख्येने बनवायच्या. कारखान्याला हेच परवडते.

या पद्धतीने कंपनीच्या नजरेतून सुटलेले विषयही पुढे आणले, आणि मला ही तिची सर्वांत मोलाची कामगिरी वाटते. २०१२ मध्ये मुलींसाठी म्हणून काढलेल्या लेगोच्या मालिकेवर, त्यात साचेबंद विषयच अधिक आहेत, अशी टीका झाली होती. त्यानंतर भूरसायनशास्त्रज्ञ एलेन कोइमन यांनी सुचवलेला ‘रिसर्च इन्स्टिट्यूट’ हा संच २०१४ मध्ये आला. त्यात खगोलशास्त्रज्ञ, जीवाश्मतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ अशा तीन स्त्रिया आपापल्या कामात गढलेल्या दाखवल्या आहेत, आणि तो बघता बघता संपला. २०१७ मध्ये विज्ञानलेखिका माया वाइनस्टॉक यांच्या प्रस्तावावरून नासामधील कर्तबगार स्त्रियांचा संच निघाला. असे विषय विकले जाणार नाहीत हा समज १०,००० समर्थकांनी आधीच खोडून काढला होता, त्यामुळे कंपनीला केवळ धाडसावर विसंबून राहावे लागले नाही.

दोष आहेत, आणि ते सांगणे माझे कर्तव्य आहे. १ टक्का मानधन मला अपुरे वाटते. साचे, उत्पादन आणि विक्री यांची जोखीम कंपनी घेते हे मान्य केले, तरी १०,००० समर्थक जमवण्याचे कष्ट, म्हणजे वस्तुतः बाजारपेठेची चाचणी, कल्पक स्वतः फुकट करून देतो. ज्या प्रस्तावांची निवड होत नाही, त्यांच्या कर्त्यांना नेमके कारण सांगितले जात नाही. वर्षभर खपलेल्या माणसाला किमान तेवढे उत्तर मिळाले पाहिजे. शिवाय ज्या विषयाचे चाहते आधीपासून संघटित असतात त्याला मते झपाट्याने मिळतात. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या प्रस्तावाने १०,००० चा टप्पा अवघ्या दोन दिवसांत गाठला होता, तर संपूर्ण नवी कल्पना मांडणारा एकटा माणूस महिनोन्‌महिने पाठिंबा गोळा करत बसतो.

नाकारलेल्या प्रस्तावांसाठी २०२१ पासून एक दुसरी वाट मात्र खुली झाली. ‘ब्रिकलिंक’ ही ठोकळ्यांच्या सुट्या खरेदी-विक्रीची ऑनलाइन बाजारपेठ लेगोने २०१९ मध्ये विकत घेतली, आणि तिच्या रचनाकार उपक्रमात अशा काही रचना आगाऊ नोंदणीसाठी ठेवल्या. किमान ३००० जणांनी पैसे देऊन मागणी नोंदवली तरच तो संच बनवायचा, असा नियम केला. नुसत्या पाठिंब्याच्या मतापेक्षा खिशातून आलेली मागणी अधिक विश्वासार्ह असते, म्हणून ही सुधारणा मला योग्य वाटते. आपल्याकडच्या लहान उत्पादकांनीही तिचा गंभीरपणे विचार करावा. मागणी आधी, साचा नंतर, हा क्रम भोसरी-चाकणच्या कितीतरी कारखान्यांचे अडकलेले भांडवल वाचवू शकेल.

भारतातल्या ग्राहकासाठी किमतीचा प्रश्न वेगळाच आहे. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यात सॅटर्न आता कंपनीकडून मिळत नाही, आणि सीलबंद खोक्यासाठी पुनर्विक्रेते मूळ किमतीहून बरेच जास्त मागतात. माझ्या मते ती रक्कम मोजू नये. जोडणीची पुस्तिका लेगोच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहे, आणि बहुतेक तुकडे सर्वसाधारण असल्यामुळे ते सुटे जमवता येतात. छापील तुकडे दुर्मीळ आणि महाग आहेत. त्यांच्या जागी साधे पांढरे तुकडे लावले तर रॉकेटवरची अक्षरे जातील, परंतु रचनेला काहीही बाधा येणार नाही. प्रक्षेपण मनोरा या संचात नाही, तो हवा असल्यास जगभरच्या हौशी रचनाकारांनी केलेले आराखडे मिळतात. मात्र त्याला रॉकेटपेक्षा अधिक तुकडे लागू शकतात, तेव्हा आधी रॉकेट पूर्ण करून मगच त्याचा हिशेब मांडावा.