सोलापुरातील ‘खुणांचा वर्ग’ : कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी एक परीक्षण

सात रस्ता चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात, दर रविवारी सकाळी भारतीय सांकेतिक भाषेचा एक वर्ग भरतो. त्याला पाटी नाही, छापील माहितीपत्रक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते त्याला नुसते ‘खुणांचा वर्ग’ म्हणतात. सहा वर्षांखालील कर्णबधिर मुले आणि त्यांच्या घरातील ऐकणारी माणसे यांच्यासाठी तो चालवला जातो. आमच्या तीन वर्षांच्या मुलीला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, आणि गेल्या जूनपासून आम्ही नवराबायको व माझी आई असे तिघे तिच्यासोबत तेथे जात आहोत. वर्ग चांगला आहे, हे आधीच सांगतो. मात्र मुलाला तेथे सोडून दीड तासाने ‘शिकवून तयार’ असे परत घ्यायला यावे, अशा हिशेबाने येणाऱ्यांची निराशा होईल, कारण मुलाबरोबर घरातले कोणी मोठे माणूस बसणार नसेल तर प्रवेशच दिला जात नाही. काही पालक या अटीवर नाराज होऊन परत गेलेले मी पाहिले आहेत. माझ्या मते याच अटीमुळे हा वर्ग घेण्यासारखा झाला आहे.

यामागचे कारण साधे आहे. दहापैकी साधारण नऊ कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. ऐकणाऱ्या मुलाला भाषा कोणी शिकवावी लागत नाही. पाळण्यात पडल्यापडल्या ती त्याच्या कानावरून जात असते आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पहिला शब्द बाहेर पडतो. ज्या घरात आईवडीलही कर्णबधिर असून हातांनी बोलतात, त्या घरातील मूलही असेच वाढते. ते हातांनी बोबडे बोलते आणि त्याची पहिली खूणही साधारण त्याच वयात येते. उरलेल्या नऊ घरांत मात्र मुलाभोवती दिवसभर ओठ हलत राहतात आणि त्याच्यापर्यंत फारच थोडे पोहोचते. ही उणीव रविवारचा दीड तास भरून काढू शकत नाही, पण त्या दीड तासात शिकलेली आई सोमवार ते शनिवार चुलीपाशी, न्हाणीघरात आणि जिन्यावर ती भरून काढू शकते.

शिकवणाऱ्या ताई स्वतः जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि त्यांच्यासोबत एक ऐकणाऱ्या दुभाषी असतात. पहिला अर्धा तास दुभाषी मुद्दाम मागे बसून राहतात आणि सभागृहात कोणीही तोंडाने बोलायचे नाही, असा नियम आहे. चपला आणि आवाज दोन्ही दाराबाहेर ठेवून यायचे, असे आमची आई म्हणते, आणि पहिल्या काही रविवारी ती या प्रकाराला वैतागलीही होती. परंतु समोरची बाई काय सांगते आहे हे केवळ डोळ्यांनी ताडण्याचा जो ताण मोठ्या माणसाला त्या अर्ध्या तासात येतो, तोच मूल घरी दिवसभर सोसत असते, ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानापेक्षा या नियमामुळे लवकर उमगते.

या वर्गाचे खरे कसब दिसते ते चित्रांचे पुस्तक दाखवण्याच्या तासाला. ऐकणाऱ्या मुलाचे डोळे चित्रावर आणि कान आईकडे असू शकतात. कर्णबधिर मुलाला चित्र आणि सांगणारे हात या दोन्हींसाठी तेच दोन डोळे वापरावे लागतात. आपण सवयीने चित्रावर बोट ठेवून लगेच खूण करू लागतो आणि मुलाला दोन्हींपैकी एकच गोष्ट मिळते. ताई मुलाला मांडीत घेत नाहीत, समोर बसवतात, पुस्तक दोघांच्या मध्ये पण स्वतःच्या छातीच्या बाजूला किंचित उचलून धरतात, म्हणजे मुलाची नजर चित्रावरून वर आली की थेट हातांवर आणि चेहऱ्यावर पडते. चित्रावर बोट ठेवायचे आणि थांबायचे. मूल चित्र हवे तेवढा वेळ पाहील, आपणहून मान वर करील, तेव्हाच ‘मांजर’ ही खूण करायची, ती थोडी मोठी आणि सावकाश करायची, आणि पुन्हा चित्राकडे जायचे. मूल अगदीच चित्रात गुंतले असेल तर हातच चित्राशेजारी नेऊन खूण तेथे करायची. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते थांबणे आम्हा मोठ्यांना जमत नाही. एका वडिलांनी अधीर होऊन मुलाची हनुवटी धरून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला, तेव्हा ताईंनी त्यांचा हात शांतपणे बाजूला केला, खांद्यावर हलके थोपटून बोलावण्याची पद्धत दाखवली आणि मुलाला पुन्हा चित्र पाहू दिले. लांबून बोलवायचे तर हात हलवावा, लाकडी फळीवर पाय आपटावा किंवा दिव्याचे बटण एकदा खालीवर करावे. तोंड धरून वळवू नये. आमची मुलगी आता पान उलटले की स्वतःच मान वर करून ‘सांग’ अशा नजरेने पाहते.

व्याकरणही येथे शिकवले जाते, मात्र नियम सांगून नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकार त्याच्याही नंतर येतो, आणि ‘काय’, ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्नार्थक शब्दही शेवटी जातात. ‘तुझे नाव काय’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटत नाही. जड जातो तो चेहरा. हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला भुवया वर जाव्या लागतात, आणि तसे न केल्यास ‘जेवलीस का’ याचे ‘जेवलीस’ होऊन बसते. चारचौघांत चेहऱ्यावरची रेष हलू न देण्याची ज्यांना आयुष्यभराची सवय आहे, त्या आम्हा पुरुषांची येथे चांगलीच फजिती होते, तर गोष्ट सांगताना डोळे, मान आणि हात सगळेच कामाला लावणाऱ्या आजीबाई महिन्याभरात आमच्या पुढे जातात. अंगठा वर केला की चांगले आणि करंगळी वर केली की वाईट, आणि याच जोडीवरून पुढे तयार झालेल्या अनेक खुणा, आमच्या आईने सर्वांत आधी उचलल्या.

सोलापूरसारख्या शहरात या वर्गाचे आणखी एक मोल आहे. पूर्व भागातील घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या कुटुंबांत कानडी, काही घरांत दखनी आणि रस्त्यावर मराठी, अशी आपल्याकडची रीत. मुलाला ऐकू येत नाही हे कळताच अशा घरांना ‘आता एकच भाषा बोला’ असा सल्ला हमखास मिळतो, आणि मग आजीने नातवाशी बोलावे की नाही हाच प्रश्न उभा राहतो. वर्गात एक विड्या वळणाऱ्या बाई येतात. त्या घरी फक्त तेलुगू बोलतात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या कानडी भाषिक अक्का आणि त्या, दोघींची मराठी मोडकी आहे, तरी मुलांच्या तापाबद्दल, शाळेबद्दल आणि सासूबद्दल (हे तर फारच रंगून) त्या हातांनी सलग बोलत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

‘खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही’ ही भीती अनेक पालक सोबत घेऊन येतात. आम्हालाही एका उपचार केंद्रात हाच इशारा देण्यात आला होता आणि मुलीचे हात धरून ठेवण्यापर्यंत सूचना होत्या. या समजुतीचे मूळ जुने आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांऐवजी केवळ तोंडी पद्धतीने शिकवण्याचा ठराव केला आणि जगभरच्या बऱ्याच शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. याच मालिकेतील परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली व्हँकुव्हर येथे. वर्गाची भूमिका मला समतोल वाटली. कानाचे मशीन काढा असे येथे कोणी म्हणत नाही. वाचा उपचार चालू ठेवा, कॉक्लिअर इम्प्लांटचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राचा) निर्णय ऑडिओलॉजिस्टशी, म्हणजे श्रवणतज्ज्ञाशी, बोलून घ्या आणि उशीर करू नका, असेच सांगितले जाते. जन्मानंतर महिन्याभरात श्रवणचाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपाययोजना, हे सूत्र दुभाषी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतात. त्याचबरोबर मशीनची बॅटरी संपते, अंघोळीच्या वेळी आणि रात्री ते काढून ठेवावे लागते, आणि इम्प्लांटनंतरही ऐकलेल्याचा अर्थ लागायला बराच काळ जातो. त्या सगळ्या काळात मुलाने भाषेविना का राहावे, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याला त्या केंद्राकडे उत्तर नव्हते.

घरच्या अभ्यासासाठी भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश वापरला जातो. दिल्लीतील हे केंद्र २०१५ साली स्थापन झाले. शब्दकोशाच्या २०१८ मधील पहिल्या आवृत्तीत ३,००० शब्द होते, तर फेब्रुवारी २०२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘साइन लर्न’ हे ॲपही आले. प्रत्येक खुणेची चित्रफीत मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहता येते, हा मोठा आधार आहे. शब्दकोशातील काही खुणा ताईंच्या सवयीच्या खुणांहून वेगळ्या असतात, कारण सांकेतिक भाषेलाही गावोगावची बोली आहेच. अशा वेळी त्या दोन्ही दाखवतात आणि कोणती कुठे चालेल ते सांगतात. हे एकट्या शब्दकोशावर विसंबून कधीच कळले नसते.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव मराठी वाचनाची आहे. वर्गात वाटल्या जाणाऱ्या झेरॉक्स कागदांवर चित्राखाली शब्द इंग्रजीत असतात आणि बोटांनी अक्षरे दाखवण्याची जी पद्धत शिकवली जाते, तीही दोन हातांनी दाखवायच्या रोमन अक्षरांची. आमची मुलगी पुढच्या वर्षी मराठी माध्यमाच्या बालवाडीत बसणार आहे, आणि निम्म्या पालकांना इंग्रजी वाचता येत नाही. खूण, चित्र आणि देवनागरीत लिहिलेला शब्द एकामागोमाग दाखवण्याचा सराव याच वयात हवा. दुभाषींकडे हे बोलून दाखवल्यावर एका रविवारी काही कागद मराठीत आले. पुढच्या खेपेला पुन्हा इंग्रजी. एका शिस्तीने हे काम व्हायला हवे, आणि वर्गातील शिक्षक असलेले पालक ते आनंदाने करून देतील.

दुसरी तक्रार जागेची. फळ्यामागे पूर्वेची खिडकी असल्यामुळे सकाळी उन्हाच्या तिरिपीत ताईंचा चेहरा काळवंडून जातो, आणि ज्या भाषेत चेहराच व्याकरण आहे, तिच्या वर्गात ही गोष्ट चालण्यासारखी नाही. पडदा लावला की भागते, पण तो लावायची आठवण दर वेळी कोणीतरी करावी लागते. लिफ्ट नाही. दीड वर्षाचे तान्हे आणि साडेपाच वर्षांचा दांडगा मुलगा एकाच गोलात बसतात, त्यामुळे गोष्टीच्या वेळी मोठी मुले कंटाळतात.

तीन महिन्यांचे शुल्क एका कुटुंबास १,५०० रुपये आहे. माणसे कितीही आली तरी तेवढेच. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून ते घेतले जात नाही आणि त्याचा गवगवाही होत नाही. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. त्याआधी एक रविवार विनाशुल्क बसून पाहता येते. त्या दिवशी आईवडिलांनी एकटे न येता, दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसाला, मग ती आजी असो, काकू असो की शेजारची मावशी, सोबत आणावे आणि खिडकीकडे पाठ करून बसावे लागणार नाही अशी पुढची जागा धरावी.