एमआरआयचा लिफाफा आणि ३९,००० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे लाज वाटून लपवावीशी वाटेल. ३९,००० रुपये. त्यातले ११,००० रोख आणि २८,००० फोनवरून. मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४, नाशिक, दुपारी बारा ते पावणेदोन. हा आकडा मी घरात चार दिवस कुणाला सांगितला नव्हता. आज सगळ्यांना सांगतेय, कारण हॉस्पिटलबाहेर गाठून औषधाच्या नावाखाली मला फसवणारा माणूस अजून मोकळा फिरतोय.

मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. नवरात्र ते दिवाळी हे आमचे कमाईचे दिवस, म्हणून घरातली साफसफाई पितृपक्षातच उरकायची असं माझं दरवर्षीचं. २२ सप्टेंबरला, रविवारी, दिवाणाखालची लोखंडी पेटी बाहेर ओढली. ओढताना काही झालं नाही. मग वाकूनच ती उचलली आणि तशीच कमरेतून वळून बाजूला ठेवायला गेले. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि मी पेटीवरच बसले. गुडघ्यात वाकायचं, वजन अंगाजवळ धरायचं, कमरेतून न वळता पाय वळवायचे, हे मला आता पाठ आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांत कमरेचं दुखणं जरा कमी झालं, पण कळ डाव्या पायात उतरली. कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली तरी विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. मशीनवर पाच मिनिटं बसवेना. कपाटात तेवीस ब्लाउज बेतून पडलेले आणि बायका फोनवर फोन करत होत्या. एमआरआयचे ६,५०० भरले. रिपोर्ट आला : कमरेतल्या एल-फोर आणि एल-फाइव्ह मणक्यांमधली चकती सरकलीय, डावीकडची नस दाबली गेलीय.

रिपोर्ट घेऊन मी एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेले. दोन तास थांबले आणि डॉक्टरांनी तीन मिनिटं दिली. ते म्हणाले, "सहा आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी करू, बहुतेकांचं त्यातच बसतं. नाहीच बसलं तर ऑपरेशनचा विचार." आज हे वाक्य मला पूर्ण आठवतं. त्या दिवशी मला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता, ऑपरेशन. डॉक्टरांनी अजून दोन मिनिटं दिली असती, खुर्चीवरून उठून नीट समजावलं असतं, तर मी फाटकापर्यंत रडत गेले नसते. आणि रडत गेले नसते तर त्या माणसाच्या नजरेत भरले नसते.

फाटकाबाहेर रसवंतीच्या सावलीत तो उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्या हातात एमआरआयचा मोठा लिफाफा, मी डावा पाय ओढत चाललेली. तो म्हणाला, "ताई, रागावू नका, पण डाव्या पायात कळ जाते ना? माझ्या आईला हेच होतं. आठ महिने अंथरुणात. आता भाकऱ्या थापते." पैसे मागितले नाहीत. औषध विकतो असंही म्हणाला नाही. आईचं सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. त्याने स्वतःचा फोन नंबर दिला, खिशातून कागदाचा तुकडा काढून त्यावर हिरव्या शाईने चार औषधांची नावं आणि दुकानाचा पत्ता लिहिला. "मी तिकडूनच जातोय, रिक्षाने सोडतो. तिथे माझं नाव सांगू नका, नाहीतर त्यांना वाटेल मी कमिशन खातो."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पेशंटला बाहेर गाठून ठरलेल्या दुकानात पाठवायचं, हा प्रकार जुना आहे, गावोगाव चालतो, पेपरमध्येही येतो. मीही वाचला होता. वाचलेलं असूनही मी रिक्षात बसले, कारण दुखण्याने माणसाची अक्कल गहाण पडते. सोळा दिवस मी रात्री दोन तासांच्या वर झोपले नव्हते. ज्यांना "एवढी शिकलेली बाई फसली कशी" असं म्हणायचं असेल, त्यांनी आधी सोळा रात्री तशा काढाव्यात.

दुकान छोटं. बरण्या, पितळी खलबत्ता, धन्वंतरीची तसबीर, छोटा इलेक्ट्रॉनिक काटा. आणि गल्ल्याशेजारी लाकडी ठोकळ्यावर उभा खिळा. त्या खिळ्याला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. सगळ्या एकाच मापाच्या तुकड्यांवर आणि सगळ्या हिरव्या शाईत. मी त्या पाहिल्या. वरच्या चिठ्ठीवरचा 'भ' माझ्या चिठ्ठीवरच्या 'भ'सारखाच होता, तोही पाहिला. शिवणकाम करणारी बाई मी, दोन टाक्यांतला फरक मला लांबून दिसतो. तरी माझ्या मनात काय आलं? की किती लोक येतात इथे, म्हणजे गुण येत असणार. या एका क्षणासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. हातातली चिठ्ठी त्या गठ्ठ्याशेजारी धरायला एक सेकंद लागला असता.

भाव विचारला. दुकानदार भस्माच्या बरणीवर हात ठेवून म्हणाला, "साडेचारशे." मी मान हलवली. मला वाटलं पुडीचे साडेचारशे. कापडाच्या दुकानात मी कधी नुसता आकडा ऐकून घेत नाही. मीटरचा भाव की तुकड्याचा, हे विचारल्याशिवाय कापडाला हात लावत नाही. इथे विचारलं नाही. त्याने चाळीस ग्रॅम तोललं, दुसरं चूर्ण वीस ग्रॅम, केशर सहा ग्रॅम, सगळं खलात ओतून माझ्यासमोर कुटलं, एकत्र केलं आणि मग हिशेब मांडला. भस्म साडेचारशे रुपये ग्रॅमने १८,०००. चूर्ण ६८० ग्रॅमने १३,६००. केशर ३,६००. तेल ३,२५०. कुटण्याची मजुरी ९००. एकूण ३९,३५०.

मी म्हटलं, एवढं नको, निम्मंच द्या. तर म्हणे, "ताई, आता कुटलंय. हे दुसऱ्या कुणाला देता येत नाही, तुमच्या नावाने सिद्ध झालंय." दारात आणखी एक माणूस येऊन उभा राहिला. मी एकटी, पायात कळ, उभं राहवत नव्हतं. वरचे ३५० सोडले, जणू उपकारच केले. पर्समध्ये लेकीच्या क्लासची फी होती, ११,०००, ती दिली. उरलेले २८,००० फोनवरून पाठवताना पडद्यावर दुकानाचं नाव आलं नाही, कुण्या माणसाचं नाव आलं. तेही पाहिलं आणि पिन टाकली. म्हणून सांगते, पैसे पाठवताना दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि फोनवरचं नाव जुळत नसेल तर बोट उचला आणि बाहेर पडा. लोकलाज गेली खड्ड्यात.

आता खरी भीतीची गोष्ट. ते चूर्ण घेतल्यावर तिसऱ्या दिवशी मला बरं वाटलं. खरंच वाटलं. कळ निम्मी झाली, भूक लागायला लागली, मी मशीनवर बसले. फिजिओथेरपी सुरूच केली नाही, डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. दहाव्या दिवशी दुकानातून फोन आला, दुसरा कोर्स २१ दिवसांचा, २६,००० रुपये. तो घेतला नाही, एवढंच काय ते वाचले. पण तोवर चेहरा सुजल्यासारखा झाला होता, तहान भागत नव्हती आणि डाव्या पायातली चप्पल चालताना निसटून मागे राहायची. पायाचा अंगठा वर उचलला जात नव्हता. मला ते कळलंही नाही, लेकीने दाखवून दिलं.

आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी साखर तपासली, २६८. मला आधी मधुमेह नव्हता. त्यांनी पुडी हातात घेतली, लेबल शोधलं, काहीच नव्हतं. म्हणाले, "बिनलेबलच्या चूर्णाने दोन-तीन दिवसांत एवढं बरं वाटलं की मला पहिली शंका स्टेरॉइडची येते. साखर आणि चेहऱ्याची सूजही त्याने वाढू शकते." ते चूर्ण कुठे तपासून मिळालं नाही, त्यामुळे त्यात काय होतं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ते बंद केल्यावर साखर हळूहळू उतरली, एवढं खरं. असं काही महिनोन्महिने घेत असाल तर मात्र मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टरांना पुडी दाखवा आणि ते सांगतील तसं सोडा.

मी आयुर्वेदाला नावं ठेवत नाही. माझ्या मावशीवर वर्षानुवर्षं एका पदवीधर वैद्यांचं औषध चालू आहे. ते आधी तपासतात, कागदावर नाव-नोंदणी क्रमांकासकट लिहून देतात. डबीवर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, तारीख असते. रस्त्यावर भेटलेल्या माणसाच्या शब्दावर तोळामाशाने भस्म विकणं हे आयुर्वेद नव्हे.

तक्रारीचं सांगायचं तर मला आजारापेक्षा जास्त दमवलं ते ठिकठिकाणच्या कार्यालयांनी. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बाकावर बसवलं. कमरेचं दुखणं आहे, बसवत नाही म्हणाले तर, "मग उभ्या राहा." हवालदारांनी विचारलं, "तुम्हाला कुणी धरून नेलं का? स्वतः गेलात, स्वतः पिन टाकलीत, माल घेतलात. हे गिऱ्हाईक आणि दुकानदाराचं भांडण झालं, कोर्टात जा." फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम आहे, हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तर तोंडावर म्हटलं असतं. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाहीत. पोच हवी म्हटलं तर, "विश्वास नाही का आमच्यावर?" नव्हता. आजही नाही. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कुठल्याही सरकारी दारातून हलू नका.

औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले, आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही, बनवायला लागतो. मी विचारलं, माझ्यासमोर कुटून एकत्र केलं, म्हणजे बनवलंच ना? तर गप्प. उघडलेली पुडी तपासायला घेत नाहीत म्हणाले, दुकानातून नमुना घ्यावा लागतो. मग घ्या की! तीन आठवड्यांनी कुणीतरी गेलं, तेव्हा तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान होतं. बँकेत गेले तर पैसे तुम्ही तुमच्या मर्जीने पाठवलेत, आमचा संबंध नाही. हॉस्पिटलच्या कार्यालयात सांगितलं, तुमच्याच फाटकावर तुमचेच पेशंट हेरले जातात, निदान एक फलक लावा. उत्तर मिळालं, फाटकाबाहेरची जबाबदारी आमची नाही. प्रत्येकाच्या टेबलाची हद्द ठरलेली आणि तो माणूस बरोबर दोन हद्दींच्या मध्ये उभा. माझ्या कमरेने या पायऱ्या किती वेळा चढायच्या?

ग्राहक आयोगात मात्र वकील लागतोच असं नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ हा ग्राहकांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण बिल हवं. माझ्याकडे पेन्सिलने आकडे लिहिलेला चतकोर कागद आहे, त्यावर दुकानाचं नावसुद्धा नाही. पक्कं बिल मागा. देत नसेल तर तिथेच उत्तर मिळालं समजा.

कमरेचं काय झालं तेही सांगते, कारण माझ्यासारखं दुखणं घेऊन कुणी हे वाचत असेल. नोव्हेंबरपासून फिजिओथेरपी केली, ४०० रुपये प्रमाणे १८ बैठका, ७,२००. पालथं झोपून कोपरांवर वर येणं, उताणं झोपून कंबर उचलणं, अंगठ्याचे व्यायाम. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं चालणं. अंथरुणात पडून राहायचं नाही, हे फिजिओथेरपी देणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी बजावलं. पहिले पंधरा दिवस काहीच फरक दिसला नाही आणि मला पुन्हा कुणाच्या तरी चिठ्ठीचा मोह झाला, हे खरं आहे. डिसेंबरच्या शेवटी कळ पोटरीवरून वर सरकली, नुसती कमरेत राहिली. हे चांगलं लक्षण, असं ती मुलगी म्हणाली. फेब्रुवारीत अंगठा पुरता उचलला गेला. मशीनला आता मोटर बसवलीय, खुर्चीची उंची वाढवलीय आणि दर अर्ध्या तासाने उठते. ऑपरेशन लागलं नाही.

पण लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल लोंबायला लागलं, तर व्यायाम नाही, चूर्ण नाही, उद्याची वाट नाही. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

जानेवारीत तपासणीला त्याच हॉस्पिटलात गेले होते. फाटकाबाहेर तो उभा. तोच शर्ट असावा. समोर काठी टेकलेले एक आजोबा, काखेत एमआरआयचा लिफाफा. "माझ्या आईला हेच होतं" एवढं कानावर पडलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले. तो रिक्षात बसून गेला. सुरक्षा रक्षक धावत आला तो माझ्याकडे, "ताई, इथे गोंधळ घालू नका."

आजोबांच्या हातात चिठ्ठी होती, ती मी मागून घेतली. हिरवी शाई, तीच चार नावं, पत्ता मात्र नवा. दुसऱ्या दिवशी ती घेऊन पोलीस ठाण्यात गेले, आधीच्या अर्जाला जोडायला लावली आणि शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही.