सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज: पोट्ट्यांना इथे टाकायच्या आधी हे वाचा

निकाल लागले की आमच्या वर्ध्याकडे एकच प्रश्न सुरू होतो, सेवाग्राम घ्यावं की नागपूर. माझी भाची एमजीआयएमएसला, म्हणजे याच सेवाग्रामच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसला शिकली, आणि घरातले निम्मे आजार आम्ही कॉलेजच्या कस्तुरबा दवाखान्यातच काढलेत, त्यामुळे मत द्यायचा थोडा हक्क आहे असं समजून लिहितोय. पाचपैकी सव्वाचार. पाऊण का कापला ते पुढे येईलच.

कॉलेज 1969 चं, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेलं. त्या गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री, पण दिल्ली सोडून इथे खेड्यात कॉलेज काढलं. डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मिळते.

आता शिकवणं. अॅनाटॉमी-फिजिओलॉजी सगळीकडे सारखीच असते, त्यावर वेळ घालवत नाही. इथलं वेगळं म्हणजे पहिल्या वर्षाला आल्या आल्या पोरांना पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात ठेवतात, सकाळची प्रार्थना, श्रमदान, झाडू सगळं. बरेच पोट्टे तोंड वाकडं करतात, भाचीनेही केलं होतं. पण खरी मजा पुढच्या कॅम्पात आहे. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, सगळी बॅच त्या गावात मुक्कामाला जाते आणि एकेका विद्यार्थ्याला काही घरं वाटून देतात. कोण काय खातं, पाणी कुठून येतं, कोणत्या बाईचं एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती, बाळाला कोणती लस राहिली, सगळं त्या पोराने बघायचं. आणि कॅम्प संपला की विषय संपला असं नाही, पुढची काही वर्षं त्याच घरी जात राहायचं! पुस्तकात रक्तक्षय एका पॅराग्राफात संपतो, इथे गोळ्या देऊनही एचबी का वाढत नाही हे शोधायला त्या घरातल्या सासूशी बोलावं लागतं. भाची आज मोठ्या शहरात प्रॅक्टिस करते, पण पेशंटला पहिला प्रश्न अजूनही घरी स्वयंपाक कोण करतं हाच विचारते, हे तिकडूनच आलेलं.

गावाशी नातं म्हणजे नुसता कॅम्पाचा फोटो नाही हे समजायचं असेल तर ज्वारीचा विमा बघा. इथल्याच डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या टीमने ही योजना उभी केली. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त तर ज्वारी जास्त, आणि गावातली बहुतेक घरं सामील झाली तरच त्या गावाला लाभ. मग अचानक भरती व्हावं लागलं तर खर्चाची चिंता नाही. सरकारी विम्याची कार्डं यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की कोणी फुकट घेत नाही, म्हणून दवाखान्यात गेल्यावर माणूस हक्काने बोलतो. आपल्याकडे दान देणाऱ्या संस्था भल्ली आहेत, पण गावाकडून काहीतरी घेणारी संस्था सापडणं कठीण. मेळघाटात उतावलीलाही यांचा दवाखाना आहे, पण तो मी स्वतः पाहिलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

रिसर्च म्हणाल तर लोकांना माहीतच नाही. आपल्या भागात हत्तीपायाचा त्रास जुना, तर बायोकेमिस्ट्रीच्या डॉ. हरिनाथ यांनी फायलेरियाच्या, म्हणजे याच हत्तीपायाच्या निदानावरच वर्षानुवर्षं काम केलं, म्हणजे दारातला आजार लॅबमध्ये नेला. दुसरं म्हणजे 2005 साली जामा नावाच्या मोठ्या जर्नलमध्ये आलेला टीबीचा अभ्यास, त्यात यांनी आपल्याच दवाखान्यातले डॉक्टर, नर्सेस, विद्यार्थी असे सातशेच्या वर लोक तपासले आणि निम्म्यांत टीबीचा छुपा संसर्ग असल्याचं कोणत्या ना कोणत्या टेस्टमध्ये दिसलं. स्वतःच्या घरातली अशी गोष्ट जगासमोर मांडायला हिंमत लागते राव. पण अॅडमिशनच्या वेळी पालक विचारतात फक्त कटऑफ आणि मेस.

आता पाऊण मार्क. पूर्वी इथली प्रवेश परीक्षा वेगळी होती आणि त्यात गांधी विचारांचा पेपर असायचा, म्हणजे यायच्या आधी पोराला कुठे चाललोय हे कळायचं. देशभरासाठी एकच नीट परीक्षा आल्यावर ते गेलं. आता रँकमुळे इथे पडलेले बरेच असतात, त्यांच्यासाठी इथली सक्तीची खादी म्हणजे नुसता युनिफॉर्म आणि शुक्रवारची प्रार्थना म्हणजे हजेरी. यात कॉलेजचा दोष किती आणि सिस्टीमचा किती यावर आमच्या घरात अजून वाद चालतो. माझं म्हणणं, नियम तसेच ठेवून त्यामागचं कारण सांगायला कॉलेजने आता जास्त वेळ द्यायला पाहिजे. पीजीला, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पुढच्या डिग्रीला बसायचं तर आधी दोन वर्षं खेड्यात काढा ही अट बरीच वर्षं होती, ती मला पटायची, भाचीला अजिबात नाही.

ज्याला मॉल, पार्टी, नॉनव्हेज लागतं त्याने सरळ नागपूर घ्यावं, उगाच पाच वर्षं कुरकुर करू नये. ज्यांचं ठरलंय त्यांनी एक करा, पोराला एखाद्या सोमवारी सकाळी ओपीडीच्या रांगेत तासभर उभं करा, तेलंगणा-छत्तीसगडपासून आलेली माणसं दिसतील, आणि मगच फॉर्म भरा. खादीचे जोड मात्र जास्तीचे शिवा, पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत.