इंदूरमधील बोट-इंजिन दुरुस्ती: आधी निदान, मग पाना

इंदिरासागर जलाशयात हनुवंतियाला आम्ही चालवतो त्या छोट्या मोटरबोटीचे इंजिन यंदा थ्रॉटल वाढवताच गरजू लागे, पण बोट वेग घेत नसे. इंदूरच्या या दुकानातील मिस्त्रींनी इंजिन उघडण्याची घाई केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. इंजिनाचे फेरेच चढत नसतील तर दोष इंधन, प्लग किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधावा, आणि फेरे चढूनही वेग येत नसेल तर आधी प्रोपेलरकडे, म्हणजे पाण्यात फिरून बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याकडे, पाहावे, असे त्यांनी समजावले. मग प्रोपेलरच्या आतील बुशपासून (दांड्यावर बसणाऱ्या नळीपासून) बाहेरच्या पात्यांच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून त्यांनी बोट पूर्ण भार देऊन चालवून आणायला सांगितले. परतल्यावर रेघेचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, म्हणजे या दोन भागांना जोडणारा मधला रबरी हब घसरत होता आणि इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत पोहोचत नव्हता. (रेघ जागेवर राहिली असती, तर इंजिन फार वर बसवल्यामुळे प्रोपेलर हवा ओढतो का, हे तपासावे लागले असते.) नवा हब येण्यास बराच वेळ लागला आणि त्याची पूर्वकल्पना मिळायला हवी होती. बिल मात्र तपशीलवार होते आणि जुना हबही त्यांनी न मागता परत दिला.