पाण्याचा नमुना तपासावा की दगडाखालचे किडे?

नदीसाठी धडपडणाऱ्या एका मंडळाला प्रश्न पडलाय: हाताशी आहेत ते थोडे पैसे प्रयोगशाळेत घालावेत, की किडे ओळखायला शिकावं?

पोहण्यापुरतं बोलायचं तर प्रयोगशाळेला पर्याय नाही. विष्ठेतून आलेले जिवाणू नितळ पाण्यातही असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत स्नानाच्या पाण्यासाठी फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतल्या जिवाणूंचा एक गट) १०० मिलिलीटरमागे ५०० पर्यंत इष्ट, २५०० ही कमाल मर्यादा. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा आणि दर वेळी पैसे मोजायचे.

जलचरांचं गणित वेगळं. शेवाळामुळे दुपारी विरघळलेला प्राणवायू भरपूर दिसतो, पहाटे तोच घसरतो आणि मासे तेव्हा तडफडतात. दुपारच्या बाटलीत हे कुठून कळणार? किडे मात्र रात्रंदिवस तिथेच असतात. खळाळत्या पाण्यातला दगड उलटा करून बघा. पोटाच्या कडांना कल्ले हलवणारी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लायची (पाण्यात वाढणाऱ्या एका उडत्या कीटकाची) पिल्लं दिसली, तर प्राणवायू टिकून आहे. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील, तर सांडपाण्याचा दाट संशय घ्या. जाळी, पांढरा ट्रे, भिंग एवढ्यावर भागतं. नजर तयार व्हायला वेळ लागतो आणि पुरात हे काम करूच नये.

मुलं डोहात उतरणार असतील तर पैसे प्रयोगशाळेतच घाला. नदी सुधारतेय का, मासे टिकतील का हे बघायचं असेल, तर दर हंगामात त्याच जागी किडे मोजा. किडे अचानक गायब झाले, तर कोणतं रसायन आलं हे शोधायला पुन्हा प्रयोगशाळाच लागेल.