ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड: दोन वर्षं वापरल्यानंतर

पंधरा वर्षं क्लच दाबत गाडी चालवली. त्यामुळे ऑटोमॅटिक घेताना माझा एकच हट्ट होता: हवा तेव्हा गिअर माझ्या हातात हवा. आताची गाडी पेट्रोलवर चालणारी, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारी). लिव्हर डी वर असला की गिअर गाडीच बदलते; तिथून बाजूला सरकवला की एम, म्हणजे मॅन्युअल: पुढे ढकललं की वरचा गिअर, मागे ओढलं की खालचा. स्टिअरिंगमागे बोटांनी गिअर बदलायचे पॅडलही आहेत.

घाट उतरताना या मोडला तोड नाही. पहिल्यांदा मी डीमध्येच उतरले होते. गाडी वरच्या गिअरमध्ये मोकळी पळायची आणि मी दर वळणाआधी ब्रेक दाबायची. पायथ्याशी पोचले तेव्हा ब्रेकचे पॅड जळल्याचा वास येत होता आणि ब्रेकचं पेडल मऊ पडलं होतं. पुढच्या खेपेला उतार सुरू व्हायच्या आधीच एम, तिसरा गिअर. तीव्र उतार आला की दुसरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा तीन हजारांजवळ, वेग ताशी ४०, आणि गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. मागे बसलेल्या आईने अर्ध्या घाटात दरवाजावरचं हँडल सोडून दिलं, तेव्हाच मला खात्री पटली. इंजिन मोठ्याने घुमतं, पण त्याने पेट्रोल जास्त जात नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरत असते तेव्हा इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात. एक मात्र लक्षात ठेवा: नुसत्या गिअरने वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे कुणी चिकटून असेल तर मी ब्रेकला हलका पाय लावते.

ओव्हरटेक करायच्या आधी एक गिअर खाली घेऊन ठेवला की किकडाउनची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर गाडी स्वतः खालचा गिअर टाकेल याची, वाट बघावी लागत नाही. गर्दीत मात्र डीच बरा.

चुकीचा गिअर मागितला तर गाडी ऐकत नाही. ९० वर दुसरा मागितला, तर पडद्यावरचा आकडा लुकलुकला आणि होता तोच राहिला. हे अगदी योग्य आहे. थांबताना ती आपणहून पहिल्यावर येते, तेही चांगलं.

खटकतं ते पॅडलचं वागणं. डीमध्ये असताना पॅडलने घेतलेला गिअर काही सेकंदांत गाडी परत आपल्या ताब्यात घेते, कधीकधी ऐन वळणात. म्हणून उतारावर मी लिव्हर एमवरच ठेवते. शिवाय लिव्हरची दिशा उलटी वाटते. ब्रेक दाबला की अंग पुढे झुकतं, तेव्हा खालचा गिअर पुढे ढकलून मिळायला हवा. बीएमडब्ल्यू आणि माझदाच्या गाड्यांत तसंच असतं.

सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) घेणार असाल तर तिथल्या मॅन्युअल मोडमधले गिअर बहुधा संगणकाने पाडलेल्या पायऱ्या असतात. उतारावर इंजिन गाडीला रोखून धरतं, पण गिअर बदलल्याचा तो ठोस झटका मिळत नाही. टेस्ट ड्राइव्हला सपाट रस्त्यावरून फिरवून आणतात. एखादा लांब उतार मागून घ्या, तिथे तिसरा टाका आणि ब्रेकवरून पाय काढा.