ऑफिसचं इंग्रजी सुधारायचंय: क्लास, पुस्तक की फोन?

माझी भाची ठाण्यात नौपाड्याला राहते आणि नवी मुंबईत तुर्भ्याला एका वाहतूक कंपनीत कामाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कॉमर्स. इंग्रजी वाचलेलं तिला सगळं कळतं. पण दिवसाला पंधरा-वीस मेल लिहावे लागतात आणि मोठ्या साहेबांना मेल पाठवताना तिच्या पोटात गोळा येतो. परवा तिनं विचारलं, "मावशी, क्लास लावू, पुस्तक घेऊ, की फोनवरच शिकू?" या तिन्ही वाटांनी मी गेले आहे. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

व्याकरण, विरामचिन्हं आणि एकमेकांत गुंतणारे शब्द ही तीन निराळी दुखणी आहेत. एकाच औषधानं तिन्ही बरी होत नाहीत. त्यामुळे आपलं नेमकं काय दुखतं ते आधी बघा. आपलेच जुने दहा मेल काढून वाचलेत की कळतं.

व्याकरणासाठी माझं मत पुस्तकाकडे झुकतं. बाजारात दोन नावं सारखी कानावर येतील. रेन अँड मार्टिन हे आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी वापरलेलं जाडजूड पुस्तक. शब्दांच्या जाती, प्रयोग, वाक्याचं रूपांतर, सगळं व्याख्येसकट आणि भरपूर स्वाध्यायांसकट. बँकेची किंवा स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर हेच घ्या, मात्र उत्तरांची पुस्तिका वेगळी विकत मिळते, तीही घ्या. दुसरं रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज'. १९८५ साली ते पहिल्यांदा आलं, आता त्याची पाचवी आवृत्ती मिळते आणि तिच्यात १४५ धडे आहेत. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर स्वाध्याय. निळं पुस्तक मध्यम पातळीचं, लाल त्याहून सोपं. उत्तरांसहित आणि उत्तरांशिवाय अशा दोन्ही प्रती छापल्या जातात, म्हणून घेताना मागची पानं उघडून बघा. घरी एकट्यानं शिकणाऱ्याला उत्तरांशिवायची प्रत काही कामाची नाही.

भाचीला मी मर्फी घ्यायला सांगितलं, कारण तिच्याकडे मोकळा वेळ आहे तो ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमधला. गाडी ठाण्यातूनच सुटते, थोडं लवकर गेलं की बसायला मिळतं, आणि तुर्भे येईपर्यंत एक धडा आरामात होतो.

या पुस्तकांत एक उणीव मात्र आहे. ती जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी किंवा सगळ्या भारतासाठी लिहिलेली आहेत, मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो ते त्यांना ठाऊक नाही. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो आणि '२०२२ पासून'ही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीत वर्ष सांगितलं तर 'सिन्स', कालावधी सांगितला तर 'फॉर'. म्हणून आपल्या हातून हमखास 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' असं जातं. हवं असतं 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. तसंच 'विषयी चर्चा करणे' मनात असतं म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिलं जातं, तिथे 'अबाउट' नकोच. आणि 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदं तर मराठीत नाहीतच. ती कुठे घालायची हे कानाला आपोआप कळत नाही, सवयीनंच येतं. अशा चुकांची एक वही घाला. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला बरोबर इंग्रजी.

विरामचिन्हांची गंमत अशी की मराठीला ती इंग्रजीकडूनच मिळाली. मोडी लिपीत तर शब्दसुद्धा सलग लिहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हं मराठीत रुळवली. चिन्हं तीच राहिली, वापर पुढे वेगळा झाला. आपण 'तो म्हणाला, की' असं लिहितो आणि त्याच सवयीनं इंग्रजीत 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम टाकतो. तिथे तो चूक. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडणं मराठीत खपून जातं, इंग्रजीत ती चूक धरतात.

भाचीच्या कामातलंच उदाहरण घ्या. 'द ड्रायव्हर्स हू केम लेट वेअर नॉट पेड' म्हणजे जे उशिरा आले तेवढ्यांचेच पैसे राहिले. 'ड्रायव्हर्स'नंतर आणि 'लेट'नंतर स्वल्पविराम टाका, की अर्थ होतो सगळेच ड्रायव्हर उशिरा आले आणि कोणालाच पैसे मिळाले नाहीत. मराठीत 'उशिरा आलेल्या ड्रायव्हरांना' म्हटलं की हा फरक दिसतच नाही, म्हणून तो आपल्याला शिकावाच लागतो. मर्फीत हा मुद्दा आहे, पण विरामचिन्हांचा स्वतंत्र धडा नाही. रेन अँड मार्टिनमध्ये आहे. तरी मी म्हणेन की विरामचिन्हं माणसाकडूनच शिकावीत. आपलं लिखाण कोणीतरी वाचून खुणा करायला हव्यात.

म्हणजे क्लास का? इथे जपून. ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ ला पाट्या दिसतात त्या बहुतेक स्पोकन इंग्लिशच्या. मी एका क्लासला तीन महिने गेले. बोलायची भीड मोडली, हा फायदा खराच आणि मोठाही. पुस्तकानं तो कधीच झाला नसता. पण त्या तीन महिन्यांत माझी वही एकदाही कोणी तपासली नाही, आणि मला गरज होती ती लिहिण्याची. मुलाखतीची तयारी असेल, फोनवर बोलावं लागत असेल, तर क्लासच लावा. मेलसाठी नुसता क्लास पुरणार नाही.

गुंतणारे शब्द फोनवर छान शिकता येतात. एका वेळी एकच जोडी, पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी उजळणी. आपली अडचण अशी की बऱ्याच जोड्या आपण एकाच उच्चारानं बोलतो. 'पँट लूज झाली' आणि 'मॅच लूज केली' यांत आपल्या तोंडी 'लूज' एकच. इंग्रजीत सैल असतो त्यात दोन 'ओ' आणि शेवट 'स'चा, हरण्याच्या शब्दात एक 'ओ' आणि शेवट 'झ'चा. सल्ला हे नाम असेल तर 'ॲडव्हाइस', त्यात 'सी' येतो. सल्ला देणं हे क्रियापद असेल तर 'ॲडव्हाइझ', त्यात 'एस'. 'इट्स'चं तर सगळ्यांनाच चुकतं. 'त्याचा' या अर्थी अपॉस्ट्रॉफी नाही, जशी ती 'हिज' किंवा 'हर'मध्येही नसते. 'इट इज' किंवा 'इट हॅज'चं लघुरूप असेल तेव्हाच ती येते.

चुका आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर घाईच्या मेलला जरूर वापरा, पण शिकण्यासाठी त्यावर विसंबू नका. एका टिचकीत चूक जाते आणि का चुकलं ते कळायच्या आत मेल निघालेला असतो. शिवाय 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडलं तर साध्या स्पेलिंग तपासणीला ते दिसतही नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर असतात.

भाचीनं पुस्तक आणि फोन ही जोडी धरली आहे. खुणा करायला दर शनिवारी ती दोन मेल मला पाठवते, त्यातली नावं आणि आकडे काढून. तुमच्या घरी असं कोणी नसेल आणि क्लासच लावायचा असेल, तर डेमो लेक्चरला जाताना स्वतः लिहिलेला दहा ओळींचा मेल कागदावर उतरवून न्या. शिकवणाऱ्यांना द्या आणि विचारा, "हा तपासून कधी मिळेल?" तो कागद खुणांसकट परत आला, की मग फी भरा.